तेच स्वर, निराळे हात : बीथोव्हेनचे पियानो सोनाटा ध्वनिमुद्रणांतून ऐकताना

लुडविग व्हान बीथोव्हेनने साधारण 1795 ते 1822 या काळात पियानोसाठी 32 सोनाटा रचले. त्यांतला प्रत्येक स्वर कागदावर आहे. कोणता स्वर, किती काळ धरायचा, हलका की जोरात, कोठे आवाज वाढवायचा आणि कोठे एकदम खाली आणायचा, हे छापील प्रतीत कोणालाही पाहता येते. असे असूनही गेल्या नव्वद वर्षांत हे सगळे सोनाटा कितीतरी पियानोवादकांनी ध्वनिमुद्रित केले. विल्हेल्म केम्फ यांनी लाँग प्ले तबकड्यांच्या काळात दोनदा, आल्फ्रेड ब्रेंडेल यांनी तर तीनदा. ख्याल ऐकत मोठ्या झालेल्या श्रोत्याला याचे नवल वाटते, आणि ते साहजिक आहे. एकच यमन दोन गायकांनी गायला तर त्यातला बहुतेक विस्तार त्या त्या बैठकीत सुचलेला असतो, त्यामुळे दुसरे ध्वनिमुद्रण का ऐकावे हे वेगळे सांगावे लागत नाही. इथे मात्र सुचण्यासारखे सर्व काही दोनशे वर्षांपूर्वी एकाच माणसाला सुचून गेलेले आहे. मग वादकाच्या वाट्याला काय उरते?

बरेच काही उरते, कारण लिपीला सगळेच टिपता येत नाही. ‘जोरात’ लिहिता येते, पण किती जोरात ते लिहिता येत नाही. ‘संथ’ लिहिता येते, पण संथपणाचे माप लिहिलेले नसते. दोन्ही हातांचे सहा-सात स्वर एकाच वेळी वाजतात तेव्हा त्यांतला कोणता स्वर कानावर ठळक यावा, हे बहुतेक वेळा कागद सांगत नाही. वादकाला असे निर्णय प्रत्येक ओळीत घ्यावे लागतात, आणि आपण कायम एकच ध्वनिमुद्रण ऐकत राहिलो तर हे निर्णय आहेत हेच आपल्याला कळत नाही. ते आपल्याला रचनेचेच गुण वाटतात. म्हणून नव्या श्रोत्याने 32 सोनाटा एका वादकाकडून ऐकण्यापेक्षा एकच सोनाटा तिघांकडून ऐकावा, असे माझे ठाम मत आहे.

रचनेचा आराखडा

सोनाटा म्हणजे दोन, तीन किंवा चार स्वतंत्र भागांची मिळून झालेली रचना. भागांमध्ये बहुधा क्षणभर विराम असतो, क्वचित एक भाग थेट दुसऱ्यात शिरतो. या भागांपैकी बहुधा पहिल्याची बांधणी ठरावीक पद्धतीची असते, आणि ती एकदा कानाला समजली की बाकीचे पुष्कळ सोपे होते.

उदाहरणासाठी ओपस 53 (ओपस म्हणजे रचनेचा प्रकाशन-क्रमांक), म्हणजे ‘वाल्डश्टाइन’ या नावाने ओळखला जाणारा 1803-04 मधला सोनाटा घेऊ. त्याची सुरुवात खर्जात धडधडणाऱ्या, एकाच जागी वेगाने पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या कॉर्डनी, म्हणजे एकदम वाजवलेल्या स्वरगटांनी, होते. ही पहिली कल्पना. थोड्या वेळाने ही धावपळ शमते आणि प्रार्थनेसारखी संथ, सलग कॉर्डची दुसरी कल्पना येते. ती वेगळ्या षड्जावर उभी आहे: सुरुवातीचा आधारस्वर सा मानला तर ही दुसरी कल्पना शुद्ध गंधारालाच सा करून वाजते. या सगळ्याला मांडणी म्हणू. मांडणीनंतर विस्तार येतो. त्यात या कल्पनांचे तुकडे होतात आणि आधारस्वर सतत सरकत राहतो. मग मूळ षड्जावर पहिली कल्पना परतते. दुसरी कल्पनाही परतते, पण या सोनाट्यात ती आधी धैवताला सा करून येते आणि मग वळसा घेऊन मूळ षड्जापाशी पोहोचते. शेवटी समारोप असतो, आणि बीथोव्हेनच्या हाती तो पुष्कळदा दुसऱ्या विस्ताराएवढा मोठा होतो.

आधारस्वर सोडणे आणि परत येणे यातच या संगीताचा बराचसा ताण साठलेला असतो. आपल्या संगीतात तंबोरा षड्ज हलू देत नाही, त्यामुळे हा ताण सुरुवातीला आपल्या कानाला जाणवत नाही. चाल बदलली एवढेच कळते. त्यावर उपाय सोपा आहे. पहिल्या कल्पनेच्या वेळी आधारस्वर मनात गुणगुणून ठेवायचा आणि पुढे तो कोठे जुळतो, कोठे खटकतो ते पाहत जायचे. चार-पाच वेळा ऐकल्यावर मूळ षड्ज परत आला की तो आपोआप ओळखता येतो, आणि एखादा वादक त्या क्षणाची तयारी करून तेथे येतो की सहज चालत येतो, हेही ऐकू येऊ लागते.

मांडणीच्या शेवटी बहुतेक वेळा पुनरावृत्तीची खूण असते. पहिला मोठा निर्णय इथेच लागतो, कारण ही खूण काही वादक पाळतात तर काही सोडून देतात. ओपस 13, म्हणजे 1799 मध्ये प्रसिद्ध झालेला ‘पाथेतिक’, याच्या पहिल्या भागात तर पुनरावृत्ती कोठून धरायची हाच वाद आहे. त्या भागाला जड, संथ प्रस्तावना आहे आणि नंतर वेगवान मांडणी सुरू होते. बहुतेक वादक वेगवान भागापासून पुन्हा वाजवतात, पण रुडॉल्फ सर्किन थेट प्रस्तावनेकडे परत जातात. त्यामुळे तो भाग ऐकताना त्याचा तोलच बदलतो, कारण जी प्रस्तावना एकदा येऊन गेली असे आपण धरून चाललो होतो ती पुन्हा समोर उभी राहते. ओपस 57, म्हणजे ‘आपासियोनाता’, याच्या पहिल्या भागात बीथोव्हेनने पुनरावृत्तीची खूण घातलीच नाही; शेवटच्या भागात मात्र उत्तरार्ध दोनदा वाजवावा असे शब्दांत लिहिले. ती सूचना न पाळणारी ध्वनिमुद्रणे आहेत, आणि त्यांत त्या भागाचा दमवणारा लांब पल्ला अर्धवट राहतो असे मला वाटते.

पट्टीपासून तारेपर्यंत

वादकांचा आवाज वेगवेगळा का लागतो, हे समजायला पियानोच्या आत डोकावावे लागते. पट्टी दाबली की तरफांच्या साखळीने नमद्याने मढवलेली हातोडी तारेकडे फेकली जाते, तारेवर आदळते आणि लगेच मागे पडते. आदळण्याच्या थोडे आधीच तिचा पट्टीशी संबंध सुटलेला असतो. याचा अर्थ असा की एकदा स्वर लागला की वादकाला तो वाढवता येत नाही, त्यावर मींड घेता येत नाही, कंप देता येत नाही. लागल्या क्षणापासून स्वर विरतच जातो. वादकाच्या हाती हातोडीचा वेग, स्वर नेमका कधी लागावा तो क्षण आणि तो कधी बंद व्हावा एवढेच राहते. स्वर बंद करण्यासाठी बहुतेक तारांवर नमद्याचा ठोकळा टेकलेला असतो. पट्टी दाबलेली असेपर्यंत तो वर राहतो, पट्टी सोडली की खाली येतो. उजव्या पायाखालचे पेडल दाबले की सगळे ठोकळे एकदम उचलले जातात. मग वाजवलेले स्वर तर घुमतातच, पण न वाजवलेल्या तारांनाही सहकंपन मिळते.

एवढ्या मोजक्या साधनांतून गाण्याचा भास उभा करणे हे पियानोवादनाचे मर्म आहे. पुढचा स्वर मागच्या विरत्या आवाजाच्या पातळीशी जुळवून लावला तर दोन स्वर जोडल्यासारखे वाटतात. तो थोडा मोठा लागला तर जोड तुटतो. मागचा स्वर क्षणभर उशिरा सोडला तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. आणि एकाच हातात चार स्वर एकत्र असताना करंगळीला बाकीच्या बोटांपेक्षा किंचित जास्त वेग दिला तर वरचा स्वर वेगळा उठून येतो. केम्फ यांचे ध्वनिमुद्रण ऐकताना वरची चाल कायम गाणाऱ्या गळ्यासारखी येते, बाकीचे स्वर तिच्या मागे असतात. मौरित्सिओ पोलिनी यांनी 1975 ते 1977 या काळात मुद्रित केलेल्या शेवटच्या पाच सोनाट्यांत आतले आवाजही तितकेच स्पष्ट आहेत, आणि सबंध बांधकाम एका नजरेत दिसावे तसे ऐकू येते. कागद दोघांपुढे तोच होता.

‘मूनलाइट’चा पहिला भाग

हे सगळे जवळून पाहायचे तर ओपस 27 क्रमांक 2 च्या पहिल्या भागाइतकी सोयीची जागा नाही, कारण तो संथ आहे, छोटा आहे आणि बहुतेकांनी कोठे ना कोठे ऐकलेला असतो. हा सोनाटा 1801 मधला. ‘मूनलाइट’ हे नाव बीथोव्हेनचे नाही. त्याच्या मृत्यूनंतर लुडविग रेल्श्टाब या समीक्षकाने चांदण्यातल्या सरोवराची आठवण काढली आणि ते नाव चिकटले. त्या नावाने या भागाचे नुकसान केले आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते, कारण चांदणे म्हटले की वादकही लय सोडून देतो आणि श्रोताही डोळे मिटून तंद्रीत जातो.

कागदावर तीन थर आहेत. डावा हात खर्जात लांब, जड स्वर धरतो. उजव्या हाताची आतली बोटे तीन-तीन स्वरांचे गट अखंड विणत राहतात. त्याच उजव्या हाताच्या करंगळीने काही वेळाने वरची चाल सुरू होते, आणि ती चाल म्हणजे सुरुवातीला एकच स्वर, ठेक्यात पुन्हा पुन्हा. एकाच हातातली तीन बोटे मागे राहिली पाहिजेत आणि करंगळी गायली पाहिजे. पहिल्यांदा ऐकताना फक्त एवढेच पाहावे की वरचा स्वर आणि आतले विणकाम यांत किती अंतर आहे. काही ध्वनिमुद्रणांत विणकाम जवळजवळ ऐकूच येत नाही. काहींत ते चालीइतकेच बोलके असते.

दुसऱ्यांदा खर्ज ऐकावा. तिसऱ्यांदा पेडल. बीथोव्हेनने या भागाच्या डोक्यावर लिहून ठेवले आहे की सबंध भाग अतिशय नाजूकपणे आणि ठोकळे उचललेले ठेवून वाजवावा. त्याच्या काळच्या पियानोचा आवाज लवकर विरत असे, त्यामुळे पेडल धरून ठेवले तरी मागचे स्वर पुढच्यांच्या आड फारसे येत नसत. आजच्या पियानोवर तेच शब्दशः केले तर सगळा गढूळ गलका होतो. त्यामुळे बहुतेक वादक खर्जाचा स्वर बदलला की पेडलही बदलतात आणि स्वच्छ, वेगळ्या वेगळ्या स्वरांचे चित्र उभे करतात. आंद्राश शिफ यांनी मात्र मूळ सूचना गंभीरपणे घेतली. ते पेडल धरून ठेवतात, लय इतरांपेक्षा चढी घेतात आणि हात इतका हलका ठेवतात की गढूळपणाऐवजी सगळ्या तारा मिळून एक धुके तयार होते. लय चढी घेण्यालाही आधार आहे: बीथोव्हेनने घातलेली तालाची खूण मात्रा चार-चार न मोजता दोन-दोन मोजायला सांगते. हा भाग कोणी पाचेक मिनिटांत वाजवतो, कोणी सात-आठ मिनिटांपर्यंत नेतो. सॉलोमन यांचे जुने ध्वनिमुद्रण फार संथ आहे आणि तरीही कोठे सैल पडत नाही, ही त्यांची हुकमत. मूळ सूचनेशी ते जुळत नाही, आणि मला ते मनापासून आवडते. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात.

लयीचा प्रश्न

मेल्झेलचा मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारे यंत्र, 1815 च्या सुमारास प्रचारात आला आणि लय आकड्यात सांगणे शक्य झाले. बीथोव्हेनने आपल्या 32 सोनाट्यांपैकी फक्त एकाला असे आकडे दिले. तो म्हणजे 1817-18 मधला ओपस 106, ‘हॅमरक्लाव्हियर’. पहिल्या भागासाठी त्याने मिनिटाला 138 हाफ नोट (पाश्चात्त्य लिपीतले स्वराच्या लांबीचे एक माप) हा आकडा लिहिला. तो इतका वेगवान आहे की त्या लयीत लांब उड्यांचे कॉर्ड अचूक लागणे चांगल्या चांगल्या वादकांनाही जड जाते. त्यामुळे बहुतेकजण लय बरीच खाली आणतात, आणि त्याने त्या भागाला भारदस्तपणा येतो. आर्टुर श्नाबेल यांनी आकड्याच्या जवळ जाण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या ध्वनिमुद्रणात स्वर चुकतात, काही जागा घसरतात, पण एखादी गोष्ट आवाक्याबाहेर असूनही तिच्यामागे धावण्याची जी निकड त्या संगीतात आहे ती तिथे जितकी कळते तितकी स्वच्छ, संथ वादनात मला कळलेली नाही.

त्याच सोनाट्याचा तिसरा भाग याच्या उलट टोकाचा आहे. कोणी तो सोळा-सतरा मिनिटांत वाजवतो, कोणी वीस मिनिटांच्याही पुढे जातो. इथे घड्याळ फसवे ठरते. आवाजाच्या पातळीत सतत बारीक चढउतार ठेवणाऱ्या वादकाची वीस मिनिटे लहान वाटतात आणि एकाच रंगात वाजवणाऱ्याची सोळा लांबतात. लय म्हणजे केवळ वेग नाही हे आपल्या श्रोत्याला विलंबित ख्यालाने आधीच शिकवलेले आहे, आणि त्या शिकवणीचा उपयोग इथे पुरेपूर होतो.

ध्वनिमुद्रण ही घडवलेली वस्तू

आतापर्यंत आपण असे बोललो की जणू ध्वनिमुद्रण म्हणजे त्या दिवशीचे वादन जसेच्या तसे. ते तसे असतेच असे नाही, आणि कोणत्या काळातले ध्वनिमुद्रण आपण ऐकतो आहोत यावर बरेच अवलंबून आहे.

सर्व 32 सोनाटा पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केले ते श्नाबेल यांनी, एचएमव्हीसाठी, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत, 1932 ते 1935 या काळात. बीथोव्हेनच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली त्या 1927 मध्ये त्यांनी बर्लिनला हे सर्व सोनाटा मैफलींत वाजवले होते, पण स्टुडिओत वाजवायला ते बराच काळ तयार नव्हते. त्यांना तयार करण्यात एचएमव्हीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्ग यांचा मोठा वाटा होता, आणि याच गायस्बर्गनी 1902 मध्ये कलकत्त्याला येऊन गौहरजान यांचा आवाज तबकडीवर घेतला होता. तबकड्या वर्गणीदारांना विकण्याची योजना आखली गेली, म्हणजे खर्च निघण्याची हमी आधीच मिळाली.

त्या तबकडीची एक बाजू जेमतेम साडेचार मिनिटांची असे. जे बंधन केसरबाईंना आणि अब्दुल करीम खाँसाहेबांना रागाचा अर्क तीन-साडेतीन मिनिटांत मांडायला लावत होते, तेच इथे निराळ्या रूपात होते: ख्याल आटोपशीर करता येतो, पण सोनाटा आखूड करता येत नाही. मग भाग बाजूंमध्ये तोडावे लागत, वादक साडेचार मिनिटांनी थांबे, आवाज कोरून घेणारी नवी मेणाची तबकडी लावली जाई आणि पुन्हा त्याच तापमानात सुरुवात करावी लागे. मेणात कोरलेले दुरुस्त करता येत नसे. एक स्वर चुकला तर सगळी बाजू पुन्हा, नाहीतर चूक तशीच ठेवायची. श्नाबेल यांच्या चुका याच पार्श्वभूमीवर ऐकाव्यात. पुढे एकत्र जोडून काढलेल्या आवृत्त्यांत हे सांधे सहसा कळत नाहीत, पण लक्ष देऊन ऐकले तर एखाद्या ठिकाणी आवाजाचा पोत किंचित बदललेला जाणवतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत आली आणि 1948 मध्ये लाँग प्ले तबकडी. एक बाजू वीस मिनिटांच्या पुढे गेली, पुनरावृत्त्या परत आल्या, आणि मुख्य म्हणजे फीत कापून जोडता येऊ लागली. एकच जागा पाच-सहा वेळा वाजवून सर्वांत चांगला तुकडा निवडणे हा रिवाज झाला. हंगेरीच्या ॲनी फिशर यांची कथा या बाबतीत सांगण्यासारखी आहे. त्यांनी 1977 पासून बुडापेस्टमध्ये सर्व सोनाटा ध्वनिमुद्रित करायला घेतले, वारंवार दुरुस्त्या केल्या, आणि तरीही समाधान झाले नाही म्हणून हयात असेपर्यंत ते प्रसिद्ध होऊ दिले नाहीत. 1995 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर ते बाहेर आले. इतक्या काटेकोरपणे सांधलेले वादन कोरडे निघेल अशी कोणाचीही अपेक्षा असेल; प्रत्यक्षात या सोनाट्यांच्या ज्या ध्वनिमुद्रणांत रग आणि धोका पत्करण्याची तयारी सर्वांत जास्त ऐकू येते त्यांत ते आहे. तेव्हा ‘सांधलेले म्हणजे बनावट’ असा सरसकट निष्कर्ष काढू नये. चित्रपटातला प्रसंग अनेक तुकड्यांतून उभा राहतो म्हणून अभिनय खोटा ठरत नाही.

याच्या दुसऱ्या बाजूला श्रोत्यांसमोर घेतलेली ध्वनिमुद्रणे आहेत. स्व्यातोस्लाव रिख्टर स्टुडिओत फारसे रमत नसत, आणि 1960 मधल्या त्यांच्या कार्नेगी हॉलच्या मैफलीतली ‘आपासियोनाता’ ऐकली की कारण कळते. खोकले ऐकू येतात, काही स्वर हुकतात, पण शेवटच्या पानावर लय जेव्हा आणखी चढते तेव्हा वादकाकडे परतीची वाट उरलेली नाही हे आपल्यालाही जाणवते.

काही ध्वनिमुद्रण-मालिका अपुऱ्याच राहिल्या. विल्हेल्म बाकहाउस यांच्या स्टिरिओ मालिकेत फक्त ‘हॅमरक्लाव्हियर’ राहिला. सॉलोमन यांना 1956 मध्ये पक्षाघात झाला आणि त्यांचे वादन तिथेच थांबले. एमिल गिलेल्स 1985 मध्ये गेले तेव्हा पाच सोनाटा व्हायचे होते, आणि त्यांत शेवटचा, ओपस 111, होता.

जुन्या वाद्यावर

बीथोव्हेनच्या तरुणपणीच्या व्हिएन्नातल्या पियानोला लाकडी चौकट, बारीक तारा आणि चामड्याने मढवलेल्या लहान हातोड्या असत. पट्ट्या हलक्या, त्यांचा प्रवास उथळ आणि विस्तार पाच सप्तकांचा. आजच्या मैफलीच्या पियानोत ओतीव लोखंडाची चौकट, सुमारे वीस टनांचा एकूण ताण आणि 88 पट्ट्या असतात. रोनाल्ड ब्राउटिगम यांनी जुन्या वाद्यांच्या प्रतिकृतींवर सर्व सोनाटा वाजवले आहेत. ते पहिल्यांदा ऐकताना आवाज बारीक, थोडा कडक वाटतो. पंधरा-वीस मिनिटांनी कान सरावतो आणि मग खर्ज, मध्य आणि तार या तिन्ही ठिकाणचा आवाज वेगवेगळ्या वाद्यांचा असावा इतका निराळा आहे हे लक्षात येते. खर्जातले दाट कॉर्ड, जे आजच्या पियानोवर हमखास जड होतात, तिथे मोकळे ऐकू येतात. आणि जोरात वाजवलेली जागा वाद्याच्या मर्यादेला भिडते, तारा कुरकुरतात. तसे भिडणे बीथोव्हेनच्या मनात होते असे मानायला जागा आहे. ‘वाल्डश्टाइन’च्या अखेरीस बोट पट्ट्यांवरून घसरवत सप्तकांच्या जोड्या वाजवायच्या आहेत. हलक्या पट्ट्यांवर ते सहज जमते. आजच्या वाद्यावर पट्ट्या जड असल्याने काही वादक ते दोन्ही हातांत वाटून घेतात, काही धाडसाने घसरवतात. ती दोन-चार सेकंदे तीन ध्वनिमुद्रणांत सलग ऐकून पाहावीत.

ऐकण्याची व्यवस्था

ॲपवर शोधताना टोपणनावाऐवजी ओपस क्रमांक टाकावा, कारण बहुतेक सोनाट्यांना टोपणनाव नाही. भाग आलटून पालटून वाजवणारी सोय बंद करावी. ओपस 27 च्या दोन्ही सोनाट्यांत भाग एकमेकांना जोडलेले आहेत आणि मध्ये दुसरेच काही आले तर रचना मोडते. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर खर्ज जवळपास नाहीसा होतो, म्हणजे ‘मूनलाइट’चा एक सबंध थरच जातो, साधा का होईना, हेडफोन लावावा. आवाजाची पातळी सर्वांत जोरकस जागेवर ठरवावी आणि मग हात लावू नये, नाहीतर वादकाने मेहनतीने राखलेला हलका आणि मोठा यांतला फरक आपणच पुसून टाकतो. जुन्या तबकड्यांची खरखर फार गाळून टाकलेल्या आवृत्त्या टाळाव्यात. खरखरीबरोबर पियानोच्या आवाजातली वरची चमकही जाते, आणि खरखरीची कानाला पाच मिनिटांत सवय होते.

ओपस 110 मधले दहा कॉर्ड

‘मूनलाइट’नंतर काय ऐकावे असे मला विचारले तर मी ओपस 110 सुचवतो. तो 1821 च्या अखेरीस पुरा झाला. त्याच्या शेवटच्या भागात एक विलाप येतो, मग अनेक आवाजांत गुंफलेली फ्यूग नावाची रचना. फ्यूगचा विषय आपल्या कानाला चटकन ओळखीचा वाटेल: आधारस्वर सा धरला तर तो ‘सा म, रे प, ग ध, प म ग’ असा चढतो, शिकाऊ गायकाच्या पलट्यासारखा. हा विषय आधी एकटा येतो, मग वरच्या आवाजात, मग आणखी वर. फ्यूग उंचीवर पोहोचते आणि अचानक खचते. विलाप परत येतो, या वेळी वेगळ्या षड्जावर, आणि चाल मध्येमध्ये विरामांनी तुटलेली, धाप लागल्यासारखी. बीथोव्हेनने तिथे थकल्याची खूण लिहून ठेवली आहे.

हा दुसरा विलाप संपता संपता कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार येतो आणि एकच कॉर्ड सावकाश दहा वेळा वाजतो, दर वेळी आधीपेक्षा मोठा. मग फ्यूग पुन्हा सुरू होते, पण विषय उलटा: जिथे चढत होता तिथे आता उतरतो. कागदावर या जागेला काहीच अवघड नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ते दहा कॉर्ड वाजवता येतील. पण किती हळू सुरू करायचे, वाढ सारखी ठेवायची की शेवटच्या दोन-तीनांत एकवटायची, लय धरून राहायची की आवाजाबरोबर तीही हलवायची, पेडलमध्ये सगळे साठू द्यायचे की मध्ये मोकळे करायचे, आणि दहाव्यानंतर उलट्या फ्यूगचा पहिला स्वर किती हलका लावायचा, हे सगळे वादकाला ठरवावे लागते. श्नाबेल, केम्फ, पोलिनी आणि ब्राउटिगम या चौघांची ध्वनिमुद्रणे सहज मिळतात; गिलेल्स यांनी हा सोनाटा मृत्यूच्या वर्षी, 1985 मध्ये, ध्वनिमुद्रित केला, तेही घ्यावे. शेवटचा भाग साधारण दोन-तृतीयांश सरला की ही जागा येते. पाचही ध्वनिमुद्रणांत दुसऱ्या विलापाच्या सुरुवातीपासून ऐकायला घ्यावे, कारण कॉर्डपर्यंत पोहोचताना वादकाने किती बळ शिल्लक ठेवले आहे ते विलापातच ठरलेले असते.